गोंधळ साठवणारे धाकटे आजोबा

बाळांनो, जगात गोंधळ फार कमी आहे अशी मनापासून तक्रार करणारा एकच माणूस मी पाहिला: तुमचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर. वीज जाऊन आली की त्यांच्या धरमपेठेतल्या घराचं दार लवकर उघडत का नाही, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत, म्हणून हे लिहिते आहे.

संगणकाच्या अगदी गाभ्यात बसून, बाकीच्या प्रोग्रॅमना कुणालाही ओळखता न येणारे आकडे पुरवणारा प्रोग्रॅम लिहायचा, हे दीरांचं काम. संगणक मुळात सरळमार्गी. त्याला गोंधळ बाहेरून आणावा लागतो. कळ कधी दाबली, माऊस कसा हलला, यातून तो थेंबाथेंबानं साठतो. पुरेसा साठला नाही, तर आकडे ओळखता येतात आणि त्या आकड्यांवर चालणारं कुलूप चोराचं होतं. हेच तत्त्व त्यांनी संसारालाही लावलं. चहाची वेळ रोज वेगळी. गांधीबागेत कापडाचं दुकान नाणं उडवून निवडायचे. एका लग्नाला चक्क पडद्याच्या कापडाचा सदरा घालून आले. "वहिनी, आता माझा अंदाज कोण बांधेल?"

घराच्या दोन्ही दारांची कुलपं त्यांनी स्वतः केलेल्या, संगणक बसवलेल्या छोट्या पेटीला जोडली होती. मे महिन्यात एका दुपारी मी तिथंच होते. वीज जाऊन आली, पेटी नव्यानं सुरू झाली आणि गोंधळ साठेपर्यंत दोन्ही दारं न उघडता हटून बसली. नेमका उमरेडहून फोन आला: जाऊबाईंच्या आईला धाप लागली होती. बस सुटायला आली होती.

"काहून अडवून राहिले? मले जाऊ द्या!"

"थांब वं जराशी. कच्च्या आकड्यानं दार नाही उघडत."

मी मदतीला पेटीच्या कळफलकावर टाइप करू लागले. दीरांनी माझा हात हळूच उचलला. "वहिनी, तुमचं टायपिंग फारच शिस्तीचं. काही उपयोग नाही." इंग्रजी शाळेत शिकलेल्या माझ्या टायपिंगचा असा अपमान कुणी केला नव्हता. तेवढ्यात जाऊबाईंनी पिशवी खाली टाकली आणि दोन्ही मुठींनी कळफलक बडवला. "हे घ्या! हे बी घ्या! माय तिकडं वाट पाहून राहिली, अन् इथं तुमचे आकडे!"

दार खट्‌कन उघडलं. "असा अस्सल माल आजवर कुणी दिला नाही!" म्हणत दीर त्यांच्यामागे अनवाणीच बसस्टँडकडे धावले. आईची भेट झाली. ती शेवटचीच ठरली.

दीर गेल्या वर्षी गेले. पेटी थोडा जुना गोंधळ जपून ठेवते, त्यात नवा मिसळते, पण नुसत्या जुन्यावर विसंबत नाही, असं त्यांनीच मला समजावलं होतं. परवा नवं कुलूप बसवायला माणूस आला, तर जाऊबाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "राहू द्या. त्याच्यात माह्या मुठी हायेत."

कुलूप अजून तेच आहे.