गरम आहे, साहेब

वैर विसरावं असं सांगणारे पुष्कळ भेटतात. सांगणाऱ्याच्या तळहाताला फोड आलेले नसतात. माझ्या उजव्या तळहातावर आडवा, गुळगुळीत पट्टा आहे. तिथे रेषाच उरलेल्या नाहीत. एकदा हात बघणारा गोंधळून म्हणाला, तुमची आयुष्यरेषा मधेच तुटली आहे. मी म्हणालो, तुटली नाही, एका माणसाने पुसली. तो माणूस म्हणजे कंपोस्टच्या प्रशिक्षणातले आमचे सर.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचे दिवस होते. युरियाच्या एका पोत्यासाठी माणसं सकाळपासून रांगेत उभी राहत, आणि सरकारला एकाएकी शेणाची आठवण झाली होती. नागपूरच्या बाहेर एका सरकारी फार्मवर चार महिन्यांचं प्रशिक्षण निघालं: माती, मातीतले जिवाणू आणि कंपोस्ट. पास होणाऱ्याला सल्लागाराचं प्रमाणपत्र मिळणार होतं आणि त्याच्या मागोमाग नोकरी. आम्ही बारा जण होतो. माझे वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात राख काढायच्या कामावर होते. पोराने राखेत हात घालू नये, एवढीच त्यांची आयुष्याकडे मागणी होती. फॉर्मवर धर्माच्या रकान्यात मी बौद्ध असं ठळक लिहिलं होतं. छप्पन साली वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती दीक्षा बघितली होती. सरांनी तो रकाना नीट वाचला होता, हे पहिल्याच दिवशी कळलं.

कंपोस्टचा ढीग आतून तापला पाहिजे. तापला म्हणजे जिवाणू कामाला लागले. थंड पडला म्हणजे ढीग मेला. हे बघायला फार्मवर लांब दांडीचा एक थर्मामीटर होता, पण तो कपाटात कुलपाखाली असे. फुटला तर पगारातून कापून घेतील, म्हणून सर तो बाहेरच काढत नसत. मग उरली लोखंडी सळई. ती ढिगाच्या पोटात खुपसायची, थोड्या वेळाने ओढून काढायची आणि मुठीत धरायची.

"तू ये," सर मला म्हणाले. "तू धर. तुमच्या हातांना सवय असते."

बाकीचे अकरा जण आपापल्या वहीत बघायला लागले. मी सळई धरली. सर मोठ्याने आकडे मोजायला लागले. त्यांचं गणित ठरलेलं होतं. दहापर्यंत धरवली तर ढीग कोमट, पाचला सोडली तर साठ डिग्री, तीनला सोडली तर पासष्ट. माझ्या बोंबेवरून ते डिग्री काढत, रजिस्टरमध्ये सुबक अक्षरात लिहीत आणि पुढे तपासणाऱ्याची सही म्हणून स्वतःची सही करत. बाराही जणांचे बारा ढीग आणि शेवटच्या महिन्यात सरांचा स्वतःचा एक, असे रोज तेरा. धरणारा हात एकच.

या माणसाने चार महिन्यांत एकदाही शेणाला बोट लावलं नाही. उन्हाळ्यातही त्यांच्या बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली असत. चहाचा ग्लास रुमालात गुंडाळून धरत, जणू ग्लाससुद्धा आमच्यातलाच होता. वर्गात सिगारेट ओढत बोलत राहायचे. ती जळत बोटांपाशी येऊन विझायची तरी त्यांना भान नसायचं. स्वतःच्या बोलण्यावर माणसाने किती खूश असावं, असं मला वाटायचं. जिवाणूंवर मात्र ते सुंदर बोलत. भुईमुगाच्या मुळावरच्या गाठींबद्दल त्यांनी सांगितलेलं मला आजही शब्दन् शब्द आठवतं, आणि आठवतं याचाही राग येतो.

पहिल्या महिन्यातच फोडांवर फोड आले. पोरं विचारायची, "काय गा, आज किती डिग्री?" एका रविवारी घरी गेलो तर वडिलांनी हात बघितला.

"काय झालं रे हाताले? तू तिथं शिकून राहिला का भट्टी झोकून राहिला?"

मी सगळं सांगितलं. सांगताना रडलो, हेही लिहून टाकतो. वडिलांनी ऐकून घेतलं, बिडी पेटवली आणि म्हणाले, "म्हंजे त्याची वही तुह्या तोंडावर चालून राहिली. अन् काहून तूच रडून राहिला?"

त्यांना बहुधा मला उगी करायचं होतं. पण जेवताना, एसटीत, फार्मवर पोचेपर्यंत मी तेच वाक्य घोळवत होतो.

शेवटच्या महिन्यात सर आपला नमुन्याचा ढीग रचायला लागले. प्रशिक्षण संपताना मुख्य कचेरीतले मोठे साहेब येणार होते, त्यांना दाखवायचा. साहेबांच्या नाकाला त्रास नको म्हणून सरांनी शेण बेताचंच घेतलं आणि लकडगंजच्या आरा मशिनींवरून बंडी भरून लाकडाचा भुसा आणवला. ढीग दिसायला देखणा झाला, चारी बाजूंनी कापल्यासारखा. पण भुसा पचवायला जिवाणूंना शेण लागतं, ते नसलं की ढीग उपाशी मरतो. सरांनीच शिकवलेलं होतं हे. आठवडाभर ढीग जेमतेम तापला. दुसऱ्या आठवड्यात मी सळई काढली तर ती विहिरीच्या कड्यासारखी गार होती.

त्याच दिवशी थंड म्हणालो असतो तर दोन बादल्या शेणकाला ओतून, ढीग पालटून सगळं सावरलं असतं. सर मोजत होते. एक, दोन, तीन. तीनला मी सळई टाकली आणि तळहातावर फुंकर मारली.

"पासष्ट," सर म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं.

रोज हेच. कधी पाचला सोडायची, कधी चारला, म्हणजे आकडे खरे वाटावेत. एकदा मी डोळ्यात पाणीसुद्धा आणलं. बाकीच्या बारा ढिगांचे आकडे मी खरे देत होतो, माझा हात खरा भाजत होता, आणि या एका ढिगापाशी आलो की मला थंडावा मिळायचा. इतका आनंद मला प्रशिक्षणात दुसऱ्या कशाने झाला नाही. पकडलो गेलो असतो तर प्रमाणपत्र गेलं असतं, नोकरी गेली असती आणि मी वडिलांबरोबर राखेत उभा राहिलो असतो. ते मला माहीत होतं. तरी मी फुंकर मारत राहिलो.

मोठे साहेब आले ते शेतकऱ्याच्या घरातले निघाले. त्यांनी देखण्या ढिगाकडे बघितलं, रजिस्टर उघडलं, पासष्ट-साठ-पासष्टची ओळ वाचली. मग बाह्या सारल्या आणि सळई स्वतः ओढून मुठीत धरली. धरूनच ठेवली.

"मास्तर, हे तं मेलेलं आहे," ते म्हणाले. "धरा बरं."

सळई सरांच्या हातात आली. आम्ही बारा जण बघत होतो. सरांनी मूठ आवळली, वहीकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "गरम आहे, साहेब."

मग साहेब हसले, त्यांचा ड्रायव्हर हसला, आणि मग आमच्यात जो हशा पिकला तो काही केल्या थांबेना. सर सळई धरून तसेच उभे. रोज कोण तपासत होतं, असं साहेबांनी विचारलं. सरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मीच."

साहेबांनी आमचे ढीग पुन्हा स्वतः तपासले. माझ्या ढिगातली सळई हातात येताच त्यांनी शिवी हासडून ती टाकून दिली. त्यांच्या सहीने मला प्रमाणपत्र मिळालं. सरांना प्रशिक्षणातून काढलं आणि उमरेडकडच्या बियाण्याच्या एका गोदामात पोती मोजायला पाठवलं. तिथूनच ते रिटायर झाले, बढती न मिळता.

वडिलांनी प्रमाणपत्र काच लावून भिंतीवर टांगलं. आणि मी ती गोष्ट सांगायला लागलो. लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, मीटिंगनंतर, साग्रसंगीत नक्कल करून. मूठ आवळायची, मान ताठ करायची, गरम आहे साहेब. आमच्या ऑफिसात ती म्हणच पडली. चहा गार आला की चपराशीसुद्धा म्हणायचा, गरम आहे साहेब. सात-आठ वर्षं लोक हसत होते आणि दर वेळी मला पहिल्याइतकंच बरं वाटत होतं.

ऐंशी साल उलटल्यावर मला कुष्ठरोग्यांच्या एका वसाहतीतून बोलावणं आलं. त्यांना शेतीसाठी कंपोस्ट करायचं होतं. मी दाखवायला ढीग रचला. माझा नियम होता, सळई आधी स्वतः धरायची, मगच दुसऱ्याला द्यायची. ढीग ताजा, सळई गार. एक म्हातारे गृहस्थ हौसेने पुढे आले, त्यांच्या हातात दिली.

"कशी लागते, बाबा?"

त्यांनी मूठ आवळली आणि सळईकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितलं. "गरम असन, साहेब," ते म्हणाले.

तिथल्या डॉक्टरीण बाई धावत आल्या. "भाऊ, सळई यांच्या हातात नका देऊ. बोटांना गार-गरम काही कळत नाही. चटका बसला तरी समजत नाही."

मी ढिगाशेजारीच बसलो. रुमालातला ग्लास, लावलेली बटणं, बोटांशी विझणारी सिगारेट, सगळं एकामागून एक डोळ्यांसमोर आलं. सर तेव्हा खोटं बोलले नव्हते. त्यांच्या हाताला काहीच सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांनी वहीत बघून सांगितलं, आणि वहीत मी होतो.

मला वाईट वाटलं का? वाटलं, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दुसराच प्रश्न उभा राहिला, आणि तो घेऊन मी पत्ता शोधत सरांच्या घरी गेलो. त्यांचं नाव मी इथे घेतलेलं नाही. हा माझा मोठेपणा नाही. नाव कळलं तर लोक बिचारा म्हणतील, आणि तेवढंही मला त्यांना द्यायचं नाही.

दुपारची वेळ. सर पडवीत बाकावर बसले होते. उजव्या हाताची दोन बोटं आत वळली होती.

"तू तो खापरखेड्याचा," ते म्हणाले.

"हो. सर, मी खोटं बोलत होतो. तो ढीग दुसऱ्याच आठवड्यात थंड पडला होता."

"साहेब हसले तेव्हा कळलं."

"मग माझं नाव का नाही घेतलं?"

"तुझं नाव घ्यायचं म्हणजे सळई मी धरत नव्हतो हे सांगायचं. मग का धरत नव्हतो तेही." त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. "नोकरी गेली असती. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं असतं."

ते खरं होतं. त्या रोगाचा मला कधीच राग आला नाही. लपवला याचाही नाही. लोकांनी त्यांना जगू दिलं नसतं. मी ज्यासाठी आलो होतो ते विचारलं.

"आणखी अकरा जण होते, सर. मीच का?"

सूनबाई दोन स्टीलचे ग्लास भरून चहा ठेवून गेली. सरांनी विचार केला. टाळाटाळ केली नाही, हे कबूल करतो.

"बाकीच्यांपैकी कुणाला तरी संशय आला असता. चार ठिकाणी बोलले असते. तू बोलला असतास तरी..."

"तरी काय?"

"तुझं कोण ऐकणार होतं?"

आज ऊन आहे, अशा आवाजात म्हणाले. त्यात रागही नव्हता आणि लाजही नव्हती. बोटं मेली होती. जिभेला काही झालेलं नव्हतं.

चहाचा ग्लास उचलायला गेलो तर चटका बसला, तसाच बाकावर ठेवला. सरांनी त्यांचा ग्लास उचलला. बोलण्याच्या नादात रुमाल खांद्यावरच राहिला होता. उकळत्या चहाचा तो ग्लास त्यांनी पूर्ण मुठीत धरला आणि रस्त्याकडे बघत बसले.

मी मनात मोजायला लागलो. एक. दोन. तीन. तीनला मी सोडत असे. चार, पाच. पाच म्हणजे साठ. सहा. त्यांची बोटं लाल होत होती. सात.

"सर," मी म्हणालो, "गरम आहे."

त्यांनी ग्लास खाली ठेवला नाही. मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मी खरं बोलतोय की खोटं ते शोधत, ग्लास तसाच धरून बघत राहिले.