आडवी डहाळी

त्या वर्षांत मला एका जागी बसवत नसे. मागल्या सालचा कापूस आतल्या खोलीत छताला टेकला होता, भाव येईल म्हणून ठेवलेला. भाव आला नाही आणि शेतात नवा फुटला. आई, धाकटा भाऊ आणि मी अशी आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत अंग चोरून राहायचो. कापसाच्या बारीक तंतूंनी अंगाला सारखी खाज सुटायची, आणि ती माझ्या डोक्यातही शिरली होती. मी उगाच अंगण पुन्हा सारवायची, भरलेली घागर पुन्हा भरायला निघायची. आई म्हणायची, "पायाले भिंगरी बांधली काय वं तुह्या?"

खरी भिंगरी भाऊ जाणार याची होती. वणीच्या एका ट्रकमालकानं त्याला कोळशाच्या गाडीवर बोलावलं होतं. मी नवऱ्याचं घर सोडून आलेली. आल्या दिवशी दार त्यानंच उघडलं होतं आणि एक शब्द न विचारता माझी पेटी आत नेली होती. त्याला जाऊ द्यायचं नव्हतं मला. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्याऐवजी त्याच्यावर ओरडत राहिले.

आमचं गाव झरी जामणीकडचं, जंगलाला पाठ लावून बसलेलं. तेव्हा बोलणी सुरू झाली होती की अभयारण्यात जाणाऱ्या पर्यटकांसाठी आमच्या बाजूनं एक फाटक उघडायचं. फाटक झालं तर गावातलेच वाटाडे लागणार होते, आणि जंगल माझ्या भावाइतकं कोणाला ठाऊक होतं? माझ्या मनात सगळं तयार होतं. कापूस विकून आतली खोली मोकळी करायची, तिथं पाहुणे उतरवायचे, मी झुणका-भाकर करायची, भावानं त्यांना जंगल दाखवायचं. वणीचा ट्रक गेला खड्ड्यात.

शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली गावसभा भरली तेव्हा मला वाटलं, घटकाभरात होकार होईल आणि आपण उठू. कसलं काय! नाल्यापलीकडच्या पोडावरचे, म्हणजे कोलामांच्या वस्तीतले, एक म्हातारे आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, "पाव्हणे आंघोळ कायनं करतीन? वैशाखात आपली हीर गाळ दाखवते." झालं, त्यावर दुपार गेली. मग एका बाईनं काढलं की गाड्या बाहेरच्यांच्या येतील आणि आपली पोरं त्या पुसत बसतील. कोणी म्हणालं, आमच्या देवाजवळ फोटो काढायचे नाहीत. कोणी म्हणालं, लग्नघरात न विचारता शिरायचं नाही. मी दोनदा मधेच उठून ओरडले, "अजून पाव्हण्याचा पत्ता नाही आन् तुम्ही त्याले दारात उभा करून नियम सांगून राह्यले!" लोक हसले. आजोबा हसले नाहीत. ते म्हणाले, "पाव्हणा आत आल्यावर सांगतलं तर त्याचा अपमान होते, बाई. आधीच सांगा लागते."

शेवटी ठरलं: उन्हाळ्यात विहिरीला झेपतील तेवढेच पाहुणे, वाटाड्या गावातलाच, आणि कुठं न्यायचं, कुठं नाही, ते गाव सांगेल. मला तो सगळा वेळकाढूपणा वाटला. डहाळीबद्दल मात्र सभेत कोणी चकार शब्द काढला नाही, कारण ती ठरवायची गोष्ट आहे असं कोणाला वाटलंच नाही.

डहाळीचं असं आहे. आमच्या बायका पानांना, मोहाला, सरपणाला जंगलात जातात. जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत. आणि वाघिणीच्या पावलांशेजारी लहान पावलं दिसली, तर जिला दिसली तिनं हिरवी डहाळी तोडून वाटेवर आडवी टाकायची. म्हणजे पुढं बाळंतीण आहे. बाळंतिणीच्या खोलीत परकं माणूस डोकावत नाही, तसं तिथून मागं फिरायचं. नंतर येणारीनं आपली एक डहाळी त्यावर ठेवायची. आणि उचलायची ती जिनं पहिली टाकली तिनंच, पावलं दिसेनाशी झाल्यावर. रीत कोणाची, यावर पोडावरच्या बायका आणि आमच्या वस्तीतल्या बायका आजही भांडतात. पाळतात मात्र दोघी.

मार्गशीर्षात वनखात्याचे साहेब फाटकासाठी पाहणीला येणार असा निरोप आला. आदल्या सकाळी मी पत्रावळींसाठी पळसाची पानं आणायला गेले. डोक्यात भाकऱ्यांचा हिशेब चाललेला, ताक कोणाकडून मागायचं, सतरंजी कोणाची. नाल्याच्या ओल्या वाळूत मोठी पावलं होती आणि त्यांच्या भोवती लहान, बागडलेली. मी थांबले, विळ्यानं पळसाची एक डहाळी कापली, वाटेवर टाकली आणि पानांचा भारा घेऊन घरी आले. हात धुवावेत तितक्या सहज.

मी डावखुरी. आमच्याकडे डेबरी म्हणतात. लोहारानं मला वेगळा विळा करून दिला होता, उलट्या धारेचा. घरात तो दुसऱ्या कोणाच्या हाताला बसत नसे, आणि त्यावरून भाऊ मला सारखा चिडवायचा.

संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "साहेबाले नाल्याच्या वाटेनं नेतो. तिकडं पाणी हाय, काही ना काही दिसन." त्याच वाटेवर माझी डहाळी होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यानं वाट बदलली असती. पण मला वाटलं, साहेबांना ती दिसली, पिलांसकट दिसली, तर फाटक आमचंच. पहाटे जाऊन डहाळी गुपचूप उचलू, असं मी मनाशी ठरवलं. माझीच तर होती. पावलं ताजी असताना उचलायची नसते, हे मला ठाऊक होतं आणि मी ते मनातल्या मनात बाजूला सारत होते.

पहाटे पीठ मळायला बायका आल्या, चूल पेटेना, आणि साहेबांची जीप सांगितलेल्या वेळेच्या आधीच दारात. बचत गटाची बाई म्हणून मलाही जीपमध्ये बसवलं. मांडीवर जेवणाचा डबा, आणि डहाळी अजून वाटेवरच.

नाल्याच्या वळणावर ती दिसली. पळसाची डहाळी, वाटेवर आडवी, पानं थोडी सुकलेली. ड्रायव्हर म्हणाला, "फांदीच तर आहे, नेतो वरून." भावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो खाली उतरला. वाकून त्यानं डहाळी पाहिली, वाजवीपेक्षा जास्त वेळ पाहिली. मग जीपकडे पाहिलं. माझ्याकडे. मी डब्याच्या झाकणाकडे बघू लागले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, इथून पुढं नाही जाता येत. बाळंतीण हाय."

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. "म्हणजे वाघीण? पिल्लांसकट? अहो, मग तेच तर बघायचंय!"

"हौ," भाऊ म्हणाला, "म्हणूनच."

माझा तोल गेला. "अरे उचल ना ते!" मी ओरडले. "एवढे दुरून लोक आले, अन् तू काय करून राह्यला?"

"ज्यानं टाकली त्यानं उचलावं," तो म्हणाला. शांतपणे, पण मला ऐकू जाईल असं. आणि थांबला. मी खाली उतरले नाही. मग त्यानं बाजूची एक डहाळी मोडली, पहिलीवर ठेवली, आणि ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं. दिवसभर त्यानं साहेबांना वारुळं दाखवली, अस्वलानं ओरबाडलेला मोह दाखवला, हरियालांचा एक थवा दाखवला. साहेब रागावले नाहीत. वहीत काहीतरी लिहीत राहिले, जेवताना झुणक्याला चांगलं म्हणाले आणि गेले. एकदा तरी रागवायला हवे होते, माझा जीव हलका झाला असता.

फाटक शेजारच्या गावाला मिळालं. त्यांचा रस्ताही बरा होता म्हणा, पण ते मी कोणाला सांगितलं नाही. मी सांगत सुटले की माझ्या भावानं भरल्या ताटाला लाथ मारली. विहिरीवर सांगितलं, पांढरकवड्याच्या बाजारात सांगितलं, वेचणीच्या ओळीत सांगितलं. लोकांनीही मग त्याला "डहाळी" असंच नाव पाडलं. डहाळी आला, डहाळी गेला. तो उलट बोलला नाही. पाहणी फसली तर दुसऱ्या दिवशी निघतो असं म्हणणारा तो, त्या दिवशी निघाला नाही. वेचणी संपली तरी रेंगाळला. मला वाटलं, आईसाठी थांबला असेल. आमचं दोघांचं बोलणं बंदच होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिळगुळाची पुडी खिशात घालून तो वणीच्या गाडीत बसला. मी चुलीपाशी पाठ करून बसले होते. ती पाठ अजून माझी मलाच दिसते.

शेजारच्या गावात पहिल्याच उन्हाळ्यात टँकर आला. फाटकाजवळच्या जमिनी बाहेरच्यांनी घेतल्या, वाटाडे गावचे राहिले ते नावाला. नाल्यातल्या वाघिणीमागं गाड्यांची अशी रीघ लागे की ती पिलं तोंडात धरून निघून गेली, असं तिथले लोक सांगत. मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

बऱ्याच वर्षांनी दुसरे साहेब आले. त्यांच्या फायलीत पहिल्या साहेबांनी लिहून ठेवलेला कागद होता. त्यांनी विचारलं, "इथं डहाळीची काही रीत आहे म्हणतात. तिच्यावर फाटक चालवता येईल का?" पुन्हा कडुनिंबाखाली सभा बसली, पुन्हा विहिरीवरच दुपार गेली. पोडावरचे आजोबा तेव्हा राहिले नव्हते, "आधीच सांगा लागते" हे त्यांचं वाक्य मीच बोलले. त्या दिवशी मात्र मी एकदाही ओरडले नाही. साहेबांनी डहाळीवाल्या माणसाला बोलवा म्हटलं. मी वणीला निरोप धाडला. भावाचं तिथं आता बिऱ्हाड होतं, लेकरं शाळेत होती. तो म्हणाला, "आता कायले? तू कर ना."

मी केलं. चाळिशी उलटल्यावर वाटाड्याचा खाकी शर्ट चढवला, झाडांची नावं पाठ केली. फाटक उघडल्यावर पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी वाटेवर पोडावरच्या कोणाची तरी डहाळी दिसली. मी खाली उतरले, माझी तिच्यावर ठेवली, आणि मागच्या सगळ्या जिप्सी ओळीनं वळल्या. एक पाहुणा कुरकुरला, त्याला मी बाळंतिणीचं सांगितलं. तो ओशाळून हसला. मला मात्र घरी येईपर्यंत दम धरवेना. फाटकावरूनच मी भावाला फोन लावला. तो कुठंतरी कोळशाच्या रांगेत उभा होता, मागे इंजिनं घरघरत होती.

"एक सांगाचं राह्यलं," मी म्हटलं. "त्या दिवशीची डहाळी माही होती."

"मले ठाऊक हाय," तो म्हणाला. "उलटा काप पाहला ना म्या. डेबरीचा."

"मंग बोलला काहून नाही? साऱ्या गावानं तुले नावं ठेवली. म्या ठेवली."

इंजिनाचा आवाज वाढला, कमी झाला. रांग पुढं सरकली असावी.

"तू बोलशीन म्हणून थांबलो होतो, बाई," तो म्हणाला. "संक्रांतीपर्यंत थांबलो."