गुण्याच्या घरातल्या पाचरी

आमच्या गल्लीतल्या सुताराला सगळे गुण्या म्हणतात. काटकोन तपासायचं हत्यार असतं ना, ते. कुणाकडे चहाला गेला तरी हा आधी टेबल हलवून बघणार. डुगडुगलं, की चहा निवला तरी बेहत्तर, पण पायाखाली पाचर सारल्याशिवाय बूड टेकणार नाही.

फर्निचरच्या कारखान्यात करवतीच्या यंत्रानं त्याचा उजवा हात फाडला. हात वाचला, पण रंधा धरायची ताकद गेली. आता गप्प बसेल तो गुण्या कसला! घरातलं एकेक हलणारं सामान त्यानं कागदाच्या घड्या घालून सरळ केलं. दवाखान्याकडून छान जाड पाकिटं येतच होती. खर्च कंपनी देणार म्हटल्यावर ती फोडून बघतंय कोण?

"अहो, काय आलंय?" बायको विचारायची.

"पाचर."

मग भरपाईच्या तडजोडीचा दिवस उजाडला. एकरकमी पैसा मिळणार होता. त्यातून मागच्या खोलीत डाव्या हाताला जमेल असं कामाचं बाक बसवायचं ठरलेलं. नाहीतर कारखान्याच्या फाटकावर राखणदारी करायची, आणि ते तिरकं फाटक दिवसभर बघत बसायचं!

"दवाखान्याचं काही बाकी नाही ना?" त्याच्या वकीलबाईंनी विचारलं. "या करारात लिहिलंय, सही झाल्यावर जे निघेल ते तुमच्या अंगावर."

"छे! एक पैसुद्धा नाही."

त्यानं डाव्या हातात पेन धरलं. टेबल डुगडुगलं.

"साहेब, असल्या टेबलावर मी सही करत नसतो."

कंपनीच्या साहेबांनी हसत कोरा कागद दिला. गुण्या घडी घालत खाली शिरला आणि तिथंच राहिला.

"काय हो, झोप लागली का?" साहेब म्हणाले.

शेजारी बसलेल्या बायकोच्या मात्र डोक्यात प्रकाश पडला. "अहो... आपलं कपाट कशावर उभं आहे?"

"शिलाई मशीनपण," टेबलाखालून बारीक आवाज आला.

"पेन खाली ठेवा," वकीलबाई म्हणाल्या. "आधी घरातल्या पाचरी आणा."

बायको रिक्षा करून गेली आणि चुरगळलेल्या पाकिटांची पिशवी घेऊन आली. शस्त्रक्रिया, औषधं, हाताचे व्यायाम, सगळ्यांची बिलं थकलेली. ती कंपनीकडे पोचवायची होती, आणि ह्यानं पोचवली कपाटाखाली.

"इतक्या उशिरा?" साहेब कुरकुरले.

"सही कुठं झालीय अजून?" वकीलबाई म्हणाल्या.

घासाघीस झाली. शेवटी नवा कागद निघाला: ही बिलं कंपनीनं परस्पर दवाखान्याला भरायची, गुण्याच्या रकमेला हात लावायचा नाही. मग गुण्यानं सही केली. टेबल तसूभरही हललं नाही.

घरी मात्र सगळं नाचत होतं. कपाटाचं दार आपोआप उघडून गुण्याला सलाम ठोकत होतं.

"पाचरी मी काढल्या, पण हे सगळं तुम्हीच केलंत," बायको म्हणाली.

मागच्या खोलीत बाक आलं. पहिलं काम कपाटाचं. डाव्या हातानं रंधा मारता मारता एक पाय जास्तच तासला गेला. बायकोनं पाचरीसाठी वर्तमानपत्र पुढं केलं.

"नको," गुण्या म्हणाला. "बाकीचे तीन तासतो."

आमच्या गल्लीत सगळ्यात ठेंगणं कपाट त्याचंच आहे. पण हलवून बघा.