रत्नाबाईंचं राज्याभिषेकाचं पदक

रत्नाबाईंकडे शाळेत मिळालेलं, इंग्लंडच्या सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाचं पदक आहे, ही बातमी अमेरिकेतल्या सनीव्हेलच्या मराठी मंडळात कुणी पसरवली कोण जाणे! सेक्रेटरी विनीता फोनवर नुसती चिवचिवत होती. "मावशी, राज्याभिषेकाला या मेमध्ये पन्नास वर्षं होतात. गेट-टुगेदरला शाळेची एखादी गोड आठवण सांगा ना!"

रत्नाबाई नागपूरच्या, बी.ए., मुलींना शिकवण्यात हयात गेलेली. "सांगते की," म्हणाल्या.

फोन ठेवताच मुलगा भानुदास कळवळला. "आई, प्लीज. पदक दाखव, पेढे मिळाले म्हण, बस." हा चिप डिझाइन करणारा इंजिनिअर इथे येऊन आडनाव बदलून 'नागपूरकर' झाला होता. मंडळात कुणाला त्याची जात ठाऊक नव्हती, आणि कळू नये म्हणून त्याचा आटापिटा चाले.

"खोटं बोलायला एवढ्या लांब आले नाही मी."

गेट-टुगेदरच्या दिवशी हॉलमध्ये त्या उभ्या राहिल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"जॉर्जच्या थोरल्या भावानं एका बाईपायी गादी सोडली, म्हणून हा धाकटा राजा झाला. आम्हाला त्याचं काय? पण सरकारी हुकूम! मेच्या उन्हात शाळेला तोरणं बांधली. हेडमास्तरांनी एकेकीच्या पोलक्यावर स्वतः पदक टाचलं. माझी पाळी आली तसे मागे सरकले. पदक फेकलं, पेढाही फेकला. दोन्ही धुळीत. पदक मी उचललं, पेढा नाही. राजा लंडनचा होता हो, विटाळ मात्र घरचाच."

भानुदास बुटांकडे बघत बसलेला. उल्हासकाका मंडळातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी घसा खाकरला. "म्हणजे तुम्ही...?"

"महार. छप्पन्न सालापासून बौद्ध. आणखी काही विचारायचंय?"

"चला चला, पुऱ्या गार होतायत," विनीता घाईघाईनं म्हणाली.

रत्नाबाईंनी श्रीखंडाचं पातेलं पुढे ओढलं, डाव हातात घेतला. "आज मी वाढणार. या."

माणसं ताटं धरून जागच्या जागी. कुणाला एकदम नॅपकिन हवा झाला, कुणाला पाणी. रत्नाबाईंचा डाव काही खाली गेला नाही.

शेवटी भानुदास उठला. "आई," सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाला, "मला दोन डाव."

त्याच्यामागे विनीता आली. उल्हासकाकांचा घसा अजून साफच होत होता.