कैद्यांच्या कडेला उभा असलेला माणूस

दुसऱ्या महायुद्धात पकडलेल्या जर्मन सैनिकांचे एकशे बारा फोटो माझ्याकडे आहेत. मीरा रोडच्या वन बीएचकेमध्ये, कपाटात साड्यांच्या खाली, चपलांच्या खोक्यांत. शेजारीण एकदा म्हणाली, "दीदी, ये गोरे लोग तुम्हारे कौन लगते हैं?" कोणी लागत नाहीत. मला हवाय तो त्यांच्या बाजूला बंदूक धरून उभा राहिलेला आपला माणूस.

माझा आजा राई गावचा, मिठागरात राबणारा. युद्धात भरती झाला. आफ्रिकेत जर्मन कैद्यांवर पहारा करायचा, एवढं त्याच्या पलटणीतून परत आलेल्या एकाने घरी येऊन सांगितलं. आजा आला नाही, तार आली. तेव्हा बाबा रांगत होते. घरात आज्याचा एकच फोटो होता, भरती झाल्यावर पाठवलेला. पण देह नाही तर क्रियाकर्म कसं करायचं? भटजींनी दर्भाचा पुतळा करायला लावला. पुतळ्याला तोंड नव्हतं. कोणीतरी तो फोटो आणून तोंडाच्या जागी ठेवला आणि पुतळ्यासकट जाळला. दोष कोणाला द्यायचा? सगळं रीतसर व्हावं म्हणूनच केलं बिचाऱ्यांनी.

तो चेहरा आठवणारं आता एकच माणूस, माझी आत्या. आज्याच्या मांडीवर खेळलेली. तार आली तेव्हा सात वर्षांची होती, आता नव्वदीच्या आसपास. शेजारच्या मुर्धा गावात मुलांकडे असते.

दोन वर्षांपूर्वी बाबांना हार्ट अटॅक आला. हॉस्पिटलातून राईच्या घरी आणलं, तेव्हा खाटेवर पडून भिंतीकडे बघत म्हणाले, "बाय, सगल्यांच्या घरात बापाचा फोटो हाय. मी बापाचं तोंड न बघताच जायचं काय?"

मी आमच्या घराण्यातली पहिली बी.ए., तीही इतिहास घेऊन. माझ्या आधीच्या सगळ्या बायकांनी अंगठे उठवले. मला या गोष्टीची घमेंड आहे आणि ती मी लपवत नाही. म्हटलं, बाबा, हे काम माझं.

परदेशातली माणसं हे फोटो इंटरनेटवर विकतात. घेणाऱ्यांना जर्मनांच्या छातीवरचे बिल्ले बघायचे असतात, म्हणून विकणारे कडा छाटूनच फोटो दाखवतात. पहारेकरी कडेलाच असतो. कधी नुसती कोपरापर्यंतची बाही, कधी बंदुकीची नळी आणि अर्धा जोडा. मी प्रत्येकाला लिहायची, पूर्ण फोटो दाखवा, मला डावी बाजू हवीय. एकाने विचारलं, तिकडे काय आहे? लिहिलं, माझा आजा असेल.

आपला शिपाई दिसला की तो फोटो मागवायचा आणि रविवारी रिक्षा करून मुर्ध्याला न्यायचा. आत्या भिंग लावून बघायची. "न्हाय. ह्याची मान बघ केवढी! बापाला मान नव्हतीच." सव्वा वर्ष हेच. "न्हाय गो बाय, न्हाय." मी म्हणायची, "आत्या, नीट बघ ना." ती म्हणायची, "मग तूच बघ, शिकलेली हायेस तर."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तिने एका फोटोवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. वाळूत बसलेले तीसेक जर्मन, मागे आपला एक शिपाई, चेहरा मसुरीच्या दाण्याएवढा. "ह्योच. बाबा माजा." आत्या रडली. मी तिच्याहून जास्त रडले.

तिथूनच केबिन रोडच्या फोटो स्टुडिओत गेले. स्टुडिओवाला म्हणाला, "मॅडम, ये नीचे के फालतू लोग निकाल दूँ?" काढले त्याने. मग कम्प्युटरवर तो दाणा मोठा केला, साफ केला. त्या दाण्यात डोळे नव्हतेच, ते त्याने कुठून आणले कोण जाणे. पण फ्रेममध्ये एक देखणा गडी उभा राहिला. बाबांनी ती फ्रेम दोन्ही हातांनी धरली, आरशासमोर गेले आणि आपल्या नाकाला हात लावून म्हणाले, "माजं नाक त्याचंच हाय रे!" ऐंशी पार केलेला माणूस, लहान पोरासारखा. फोटोला हार घातला. गावातली माणसं बघून गेली.

मला तिथेच थांबता आलं असतं. पण अंगात पदवी होती. एका साक्षीवर इतिहास ठरत नाही, हे मी परीक्षेत लिहून पास झालेली बाई. पुढच्या रविवारी मी जुनेच चार फोटो घेऊन आत्याकडे गेले. पहिल्यावर तिने बोट ठेवलं, "ह्योच." दुसऱ्यावरही. तिसऱ्यावरही. चौथा विकणाऱ्याने चुकून पाठवलेला, त्यात आपलं कोणीच नव्हतं, नुसते कैदी. त्यातल्या उघड्या डोक्याच्या एका गोऱ्या पोराच्या गालावरून तिने बोट फिरवलं. "बाबा माजा. किती थकलाय बघ. जेवला नसंल."

सून आतून म्हणाली, "ताई, दोन महिने झाले, मलासुद्धा आये म्हणतात."

बाबांना सांगायचं की नाही, यावर आठ दिवस झोप नाही. खोटं मला जमत नाही. सांगितलं. बाबा भिंतीवरच्या फोटोकडे न बघता ऐकत होते. मग म्हणाले, "तू शिकलेली, तुला खरं-खोटं कलतं. पन मना कशाला सांगितलंस?"

मी चहा केला.

फोटो बाबांनी उतरवला नाही. फक्त आपली खाट ओटीवर नेली आणि आता दिवसभर रस्त्याकडे तोंड करून पडून असतात. आज्याचं नाव घेत नाहीत. मी गेले की, "जेवलीस काय?" एवढंच विचारतात.

खोकी मी अजून उघडते. वयात बसणारे पाच-सहा शिपाई त्यांत आहेत. आत्या सुरुवातीला "न्हाय" म्हणाली, ती बरोबर होती की तेव्हाच चुकायला लागली होती, हेसुद्धा मला आता ठरवता येत नाही. आजा कदाचित त्यांच्यातच असेल, माझ्याच घरात. पण हाच तो, असं म्हणणारं आता कोणी उरलं नाही. आणि कोणी म्हणालंच, तरी बाबा माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत.