तडीच्या पार

थोरल्या भावाला मी दादा म्हणायचो. पुढं गुलमंडीचा सगळा बाजार म्हणू लागला. दुकानदारांकडून हप्ता घेणाऱ्या टोळीत तो शिरला, आणि आमच्या कापडाच्या दुकानाशेजारची माणसं आमच्या वडलांशी, अण्णांशी, नजर चुकवून बोलू लागली. पोलिसांनी सगळ्या टोळीला जिल्ह्यातून तडीपार केलं, तेव्हा बाजारानं सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला. सरकार काहीच करत नाही असं उठताबसता म्हणणाऱ्यांनी त्या दिवशीचा बाजार बघायला हवा होता.

अशा प्रकरणात उघड साक्ष द्यायला कोण धजणार? म्हणून पोलीस गुप्त जबाब घेतात, देणाऱ्याचं नाव झाकून ठेवतात. त्यातला एक जबाब अण्णांचा होता. आईलाही ते ठाऊक नव्हतं. शेवटच्या आजारात त्यांनी मला सांगितलं आणि हात घट्ट धरून म्हणाले, "त्याला कळू देऊ नको. लई जीव हाय रं त्याचा माझ्यावर."

अण्णा गेले. दादाला येऊ द्यावं म्हणून अर्ज केला; निर्णय यायच्या आत दहावा उजाडला. थोरल्याचं काम मी केलं. पैठणला गोदावरीच्या घाटावर डोकं भादरून घेतलं, पिंड मांडला. नदीपलीकडे, जिल्ह्याची हद्द संपते तिथं, दादा थांबला होता. तडीपार म्हणजे तडीच्या पार, हे मला तेव्हा नीट समजलं.

कावळा काही शिवेना. मामा म्हणाले, "थोरल्यात जीव अडकलाय. म्हण, त्याला सांभाळू." मी मोठ्यानं तसं म्हटलं. ऊन चढलं तरी कावळे झाडावरच. या गोष्टींवर माझा फारसा विश्वास नाही, पण मला रडू फुटलं. हात जोडून मनातल्या मनात म्हणालो, अण्णा, नाही सांगणार त्याला. कधीच नाही. थोड्या वेळानं एक कावळा खाली उतरला.

मग दादाचा फोन आला. "शिवला का रं?"

"व्हय. तुला सांभाळू म्हणालो, तवा शिवला."

तो बराच वेळ रडत राहिला. मग म्हणाला, "माझ्याविरुद्ध जबाब कुणी दिला हे अण्णांना कळालं असतं ना, तर त्यांनी त्याला दारात उभं केलं नसतं."

"व्हय दादा," मी म्हणालो. "नसतंच केलं."