मी सगळ्यांना ॲसिडिटी सांगत होतो

मागच्या महिन्यात अमरावतीला माझ्या मेहुणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मी घरचा मोठा जावई. मुलाकडच्यांना दारातून आत आणून बसवायचं काम माझ्याकडे... आणि पाहुण्यांच्या गाड्या आल्या तेव्हा मी सासरच्या बाथरूममध्ये कडी लावून बसलो होतो.

लिहायला लाज वाटतेय. तरी लिहितो.

पोटात कळ आली तसा मांडवातून पळालो, पण वेळेत पोचलो नाही. अंगात पांढरा पायजमा... पुढचं समजून घ्या. खाली बघितलं तर नुसतं रक्त आणि चिकट काहीतरी.

बाहेर मोठे जवाई कुठं गेले म्हणून शोधाशोध चालली होती. मग दारावर थाप पडली. सासूबाई.

"जवाईबुवा, दार उघडा."

"ॲसिडिटी आहे आई, येतोच."

"ॲसिडिटीनं मानूस इतका वेळ आत बसते का? उघडा म्हनते मी."

आवाज जरा कडकच होता. मी दार थोडं उघडलं, पायजमा लहान पोरासारखा पाठीमागे धरून. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"रक्त पडून राहिलं तुमाले?"

मी मान हलवली. कधीपासून, विचारलं तर म्हणालो, "आजच... एकदम."

त्यांनी सासऱ्यांची पँट आणून दिली आणि बाहेर सांगून टाकलं की जवायाले गर्मीनं चक्कर आली. मी आतल्या खोलीत पडून राहिलो. पायजमा बादलीत बुडवून ठेवला होता, गर्दी कमी झाली की धुवू म्हणून. संध्याकाळी पाहिलं तर तो मागच्या दोरीवर धुऊन वाळत होता... घर पाहुण्यांनी भरलेलं असताना त्यांनी तो कधी धुतला कुणास ठाऊक. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायको प्रणाली आणि सासूबाई मला तिथल्याच एका डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, हे अचानक सुरू झालं की हळूहळू?

"अचानक. काल."

डॉक्टरांनी काही लिहिलं नाही. वजन कमी झालं का, रात्री उठावं लागतं का, एकदा जाऊन आल्यावर पुन्हा लगेच जावंसं वाटतं का... असं एकेक विचारत गेले. आणि माझं खोटं उसवत गेलं.

अकोल्यात मी टाइल्सच्या दुकानात सेल्सला आहे, रोज कुठल्या ना कुठल्या साइटवर जातो. अकोला ते मूर्तिजापूर कुठल्या पेट्रोल पंपाचं टॉयलेट उघडं असतं हे मला पाठ झालं होतं. साइटवर असलो की दिवसभर काही खायचो नाही. बेल्टला नवीन भोक पाडलं होतं. रक्त दिसलं तेव्हा मूळव्याध असेल म्हणून मेडिकलमधून मलम आणलं आणि गाडीच्या डॅशबोर्डमध्ये लपवलं. दिवाळीच्याही आधीपासून हे चालू होतं. नेमकं कुठल्या दिवशी सुरू झालं ते मलाच सांगता येईना... इतकं हळू आलं. आणि दर वेळी माझ्याकडे एक कारण तयार असायचं. बाहेरचं तेल, साइटवरचं पाणी, टेन्शन.

डॉक्टर म्हणाले, काहींना एकदम होतं, पण बऱ्याच जणांचं असंच होतं. वाढत जातं आणि माणूस सवय करून घेतो.

बाहेर बाकावर बसलो तर प्रणाली रडायला लागली. मला वाटलं आजाराला घाबरली.

"मले वाटलं तुमचं कोनासोबत तरी चालू आहे..."

तासन्‌तास बाथरूममध्ये, हातात मोबाइल, वरून नळ सोडलेला. रात्री उठून हॉलमध्ये झोपणं. तिच्यासोबत कुठेच बाहेर न जाणं. तिनं दुसरा काय अर्थ लावायचा? साक्षगंधाच्या आधी तिनं तिच्या आईलाही हे सांगितलं होतं. म्हणजे सासूबाई त्या दिवशी दार वाजवत होत्या ते मला फोनवर बोलताना पकडायला.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून भिंतीकडे बघत होत्या. कोणाला जास्त लाज वाटत होती, सांगता येणार नाही.

पुढे दुर्बिणीची तपासणी झाली. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. औषधं बरीच वर्षं घ्यावी लागतील म्हणतात, पण रक्त जवळजवळ थांबलंय आणि वजन भरतंय. तुमच्यापैकी कुणाला असं काही दिसत असेल तर मलम आणून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि घरात निदान एका माणसाला तरी खरं सांगा.

परवा चहा पिताना प्रणालीला विचारलं, इतके महिने मनात ठेवलंस, मला सरळ विचारलं का नाहीस?

कप धुता धुता ती म्हणाली, "अन्‌ तुमी हो म्हटलं असतं तं?"

इतकं सगळं मनात घेऊन ती रोज माझा डबा भरत होती... ती अजून माझ्याजवळ आहे, याहून मोठं काही माझ्याकडे नाही.